निर्वाण म्हणजे निवणे

मराठीत 'निर्वाण' हा शब्द मरणाच्या वाटेने रुळला. अमक्याचे निर्वाण झाले म्हटले की श्रद्धांजली आठवते. निर्वाणीचा इशारा म्हणजे अखेरचा इशारा. बौद्ध परंपरेत मात्र त्याचा मूळ अर्थ मरण नव्हे, याची साक्ष बुद्धचरित्रच देते. परंपरेनुसार गौतमांना निर्वाण लाभले ते बोधगयेला, ३५व्या वर्षी. देह ठेवला कुसिनारेला, ८०व्या वर्षी. मधली ४५ वर्षे ते भिक्षा मागत, शिकवत गावोगाव हिंडले.

मग त्यांच्यात संपले काय? पालीतले 'निब्बान' आणि संस्कृतातले 'निर्वाण' दोन्ही आग विझण्याशी जोडलेले. गयेजवळच्या टेकडीवर पूर्वी अग्निपूजक जटिल (जटाधारी तापस) असलेल्या भिक्खूंना बुद्धांनी सांगितले, की डोळे, कान, मन सारे पेटले आहे. आगी तीन: राग, द्वेष, मोह. इथला 'राग' म्हणजे आसक्ती, मराठीतला संताप नव्हे. धरून ठेवण्याला पालीत 'उपादान' म्हणतात, आणि उपादान म्हणजे सरपणही. सरपण काढले की आग आपोआप शमते. आपले 'निवणे' हे क्रियापदही भाषाशास्त्रज्ञ 'निर्वाण'च्याच 'निर्-वा' धातूशी जोडतात. ताटातला भात निवतो तेव्हा भात कुठे जात नाही, धग जाते.

यावर आक्षेप येतो: आग विझली म्हणजे शेवटी माणूस नाहीसाच झाला ना? वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकानेही मुक्ताचे मरणोत्तर काय होते, असे विचारले होते. बुद्धांनी उलट विचारले, विझलेली आग पूर्वेला गेली की पश्चिमेला? म्हणजे उरणे आणि नष्ट होणे, दोन्ही उत्तरे इथे गैरलागू. दुसरा आक्षेप, मग हा मोक्षच की! सुटकेसाठी पालीत 'विमुत्ति' आहे, संस्कृतात 'विमुक्ती'. धातूही 'मोक्ष'चाच, 'मुच्'. पण वेदान्तात मोक्ष आत्म्याच्या ज्ञानाने मिळतो. बौद्ध मत असा नित्य आत्मा मानत नाही. इथे चित्त सुटते, तेही आसक्तीच्या गाठीतून.

तिसरा आक्षेप सर्वांत रास्त: बुद्धांच्या देहान्तालाही निर्वाणच म्हणतात. पण परंपरेने त्यासाठी 'परिनिब्बान' हा शब्द रूढ केला. डॉ. आंबेडकरांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धविषयक ग्रंथात निब्बान आणि परिनिब्बान वेगळे सांगितले, आणि निब्बानाचा संबंध विकारांवर ताबा ठेवून सन्मार्गाने जगण्याशी जोडला. त्यांच्या स्मृतिदिनालाही, ६ डिसेंबरला, 'महापरिनिर्वाण दिन' म्हणतात. त्यातला 'परि' बोलताना गाळू नये.