ओल्ड नंबर वन (बेंटली स्पीड सिक्स)

ओल्ड नंबर वन ही बेंटली मोटर्स या ब्रिटिश कंपनीने शर्यतींसाठी बांधलेली स्पीड सिक्स प्रकारची मोटारगाडी आहे. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे तिने फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकली. एकाच गाडीने ही शर्यत सलग दोनदा जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. त्याची पुनरावृत्ती १९६८-६९ मध्ये फोर्ड जीटी४० या गाडीने केली. १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात या गाडीच्या अस्सलपणावरून चाललेल्या खटल्यामुळे तिचे नाव कायद्याच्या अभ्यासकांनाही परिचित झाले.

निर्मिती

वॉल्टर ओवेन बेंटली यांनी १९१९ साली लंडनमध्ये स्थापन केलेली ही कंपनी गाड्यांच्या दर्जासाठी नावाजलेली असली, तरी कायम आर्थिक अडचणीत असे. १९२६ साली वूल्फ बार्नाटो यांनी तीत मोठी गुंतवणूक केली व ते अध्यक्ष झाले. दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींतून अफाट संपत्ती मिळवणाऱ्या बार्नी बार्नाटो यांचे ते पुत्र. स्वतः कुशल चालक असलेल्या बार्नाटो यांनी ल मांच्या शर्यतीत तीन वेळा भाग घेतला आणि तिन्ही वेळा ते विजयी झाले.

स्पीड सिक्स हे कंपनीच्या साडेसहा लिटर, सहा सिलिंडरच्या गाडीचे अधिक वेगवान रूप होते. वजनदार पण विश्वासार्ह इंजिन हे तिचे बलस्थान, आणि दिवसरात्र चालणाऱ्या शर्यतीत नुसत्या वेगापेक्षा याच गुणाचे मोल अधिक होते.

शर्यतींतील कामगिरी

जून १९२९ मध्ये बार्नाटो आणि सर हेन्री बर्किन यांनी ही गाडी चालवून ल मांची शर्यत जिंकली. पहिली चारही स्थाने बेंटली गाड्यांनीच पटकावली. गाडीवर १ हा क्रमांक होता. तिचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. त्याच महिन्यात इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथील सहा तासांची शर्यतही तिने जिंकली. १९३० साली बार्नाटो यांचे साथीदार ग्लेन किडस्टन होते. त्या वर्षी रुडॉल्फ काराचिओला यांच्या मर्सिडीज-बेंझशी बेंटली गाड्यांची तीव्र चुरस झाली. रात्रीच मर्सिडीज बंद पडली आणि पुढचा मार्ग मोकळा झाला. या विजयानंतर कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले. जागतिक मंदीत १९३१ साली कंपनी बुडाली व रोल्स-रॉइसने ती विकत घेतली.

ओल्ड नंबर वन मात्र बार्नाटो यांच्याकडेच राहिली. १९३१ साली जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी ब्रुकलँड्सची ५०० मैलांची शर्यत तिच्यावर जिंकली. पुढील वर्षी त्याच शर्यतीसाठी तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसवण्यात आले. सप्टेंबर १९३२ मध्ये झालेल्या या शर्यतीत जॅक यांचे बंधू क्लाइव्ह डनफी गाडी चालवत असताना ती कलत्या वळणाच्या वरच्या कडेपलीकडे गेली आणि खालच्या झाडांत कोसळली. क्लाइव्ह यांचा मृत्यू झाला.

पुनर्बांधणी आणि मालकी

अपघातानंतर बार्नाटो यांनी ही गाडी पुन्हा बांधून घेतली, पण शर्यतीसाठी नव्हे. तिच्यावर रस्त्यावर वापरण्याजोगे, बंद छताचे कूपे पद्धतीचे आवरण चढवण्यात आले. पुढे ती वेगवेगळ्या मालकांकडे गेली आणि कालांतराने तिला शर्यतीच्या काळातील उघड्या गाडीचे रूप पुन्हा देण्यात आले. आज छायाचित्रांत दिसणारे रूप हे असे परत घडवलेले आहे.

१९९० चा खटला

१९९० साली तत्कालीन मालकाने ही गाडी मिडलब्रिज सिमिटर या कंपनीला सुमारे एक कोटी पौंडांना विकण्याचा करार केला. नंतर, ही गाडी खरी ओल्ड नंबर वन नाही, असे म्हणत कंपनीने खरेदीस नकार दिला आणि मालकाने करार पाळला जावा म्हणून दावा दाखल केला. प्रश्न वरकरणी सोपा होता: ६० वर्षांत जवळजवळ प्रत्येक भाग बदललेली गाडी तीच गाडी ठरते काय?

न्यायमूर्ती ओटन यांनी सुट्या भागांचा बारकाईने हिशेब मांडला. १९२९ च्या विजेत्या गाडीचे, काळ ठरवता न येणारे काही किरकोळ भाग सोडता, काहीही उरलेले नव्हते. १९३० च्या गाडीचे पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा स्तंभ एवढेच शिल्लक होते. चॅसिस, पुढचा अ‍ॅक्सल, आठ लिटरचे इंजिन आणि इतर बरेच भाग १९३२ च्या अपघातग्रस्त गाडीचे होते.

एवढ्या हिशेबावरून निकाल कंपनीच्या बाजूने जाईल असे वाटावे, पण तसे झाले नाही. ल मां जिंकणारी गाडी जशीच्या तशी टिकली आहे या अर्थाने तिला ‘मूळ’ म्हणता येणार नाही, हे न्यायमूर्तींनी मान्य केले. तथापि ती ‘अस्सल’ आहे, असा निर्णय त्यांनी दिला. शर्यतीच्या गाडीचे भाग बदलत राहणे हे तिच्या जीवनक्रमाचेच अंग आहे. हे बदल टप्प्याटप्प्याने झाले, गाडीचा इतिहास कोठेही खंडित झाला नाही आणि त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी कोणतीही बेंटली नाही, अशी त्यांची कारणमीमांसा होती. तिला प्रतिकृती म्हणणे त्यांनी नाकारले. करार बंधनकारक ठरला.

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात या निकालाचा दाखला अजूनही दिला जातो. सुट्या भागांइतकेच महत्त्व मालकीची अखंड साखळी आणि तिच्या कागदपत्रांना आहे, हा त्यातील मुद्दा. अर्थात, हे मत सर्वांना पटतेच असे नाही. धातू तोच नसेल तर गाडीही ती नव्हे, असे मानणारे संग्राहक आहेत.

ब्लू ट्रेन बेंटली

बार्नाटो यांच्याच आणखी एका गाडीबाबत उलट प्रकार घडला. मार्च १९३० मध्ये त्यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळील कान येथून निघून ‘ब्लू ट्रेन’ ही रेल्वेगाडी कॅले बंदरात पोहोचण्यापूर्वी लंडन गाठले. या धावेची गाडी म्हणून गर्नी नटिंग यांनी आवरण बांधलेली एक देखणी कूपे अनेक दशके ओळखली जात होती आणि टेरेन्स क्युनिओ यांच्या प्रसिद्ध चित्रातही तीच दिसते. प्रत्यक्षात ही कूपे त्या वेळी बांधून पूर्णही झाली नव्हती. बार्नाटो यांनी ही धाव मलिनर यांनी आवरण बांधलेल्या साध्या चार दारांच्या बेंटलीने केली होती.