संगणकाच्या पेटीतील वारा

नागपूर–अमरावती महामार्गावर वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव आहे. वैशाखातील दुपारी या भागात पारा 44-45 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. माणसे कूलरपुढे बसतात, जनावरे निंबाच्या सावलीचा आश्रय घेतात. अशा गावी कोणी सुटे भाग आणून घरीच संगणक जोडावयाचे ठरविले, तर त्यात पंखे कोणते बसवावेत, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही. दुकानात रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे मन वेधून घेतात. परंतु दिव्यांनी वारा वाढत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

संगणक जी वीज घेतो, ती जवळजवळ सर्व शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. 300 वॅट वीज घेणारा संगणक ही एक लहानशी शेगडीच होय. ती उष्णता पेटीत कोंडली, की प्रोसेसर तापू लागतो. बहुतेक प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या सुमारास स्वतःच आपला वेग कमी करतात; त्यानेही भागले नाही, तर यंत्र बंद पडते. महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज भरण्याची अखेरची तारीख ऐन उन्हाळ्यात आली, तर असे बंद पडणे किती महाग पडेल, हे सांगावयास नको.

मुलांनो, पंखा हवा थंड करीत नाही, केवळ ती हलवितो. कूलरमध्ये वाळ्याच्या ताट्यांतील पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते. म्हणून कूलरचा वारा गार लागतो. संगणकात पाण्याचा असा खेळ नसतो. खोलीत 44 अंश असतील, तर पंख्यांनी पेटीतील हवा 43 अंशांवर येणार नाही. मग पंख्यांचा उपयोग काय? हिशेब करून पाहू. 300 वॅटच्या संगणकाच्या पेटीतून मिनिटाला 50 घनफूट हवा वाहिली, तर बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा सुमारे 11 अंशांनी अधिक तापलेली असते. 100 घनफूट वाहिली, तर हा फरक साडेपाच अंशांवर येतो. 200 घनफूट वाहिली, तर पावणेतीनवर. पहिल्या दुपटीने जेवढा लाभ झाला, त्याच्या निम्माच दुसरीने होतो, आवाज मात्र वाढत जातो. म्हणून पेटीला पंख्यांची आरास करणे व्यर्थ होय. त्यापेक्षा खोलीची खिडकी उघडावी.

सामान्य संगणकाला पुढे दोन आणि मागे एक पंखा पुरतो. 80 मिलिमीटरच्या लहान पंख्याऐवजी 120 किंवा 140 मिलिमीटरचा पंखा घ्यावा. मोठे पाते सावकाश फिरूनही तेवढाच वारा देते व कमी घरघरते. खोक्यावर छापलेला हवेचा आकडा मोकळ्या जागेतला असतो. पुढे जाळी आली, की तो घटतो. जेथे हवेला दाट जाळीतून अथवा धातूच्या पात्यांमधून वाट काढावी लागते, तेथे अधिक दाब देणारा पंखा निवडावा.

वर्धा जिल्हा कापसाचा. वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू वाऱ्याबरोबर घरात येतात आणि धुळीसह पात्यांवर चिकटून बसतात. यासाठी पुढच्या पंख्यांपुढे धूळजाळी हवीच. ती महिन्यातून एकदा झटकावी. आत ओढली जाणारी हवा बाहेर टाकलेल्या हवेपेक्षा किंचित अधिक राहिली, तर फटींतून धूळ शिरत नाही. उन्हाळ्यात पंख्याच्या आसातील तेल लवकर सुकते. तेव्हा गोळ्यांच्या बेअरिंगचा पंखा थोडा महाग असला तरी अधिक दिवस टिकतो. चार तारांचा पंखा मिळाला तर फार उत्तम, कारण चौथ्या तारेवरून संगणकच त्याला तापमानाप्रमाणे वेग सांगतो. कूलर मात्र संगणकाच्या अंगावर सोडू नये, त्यातून पाण्याचे तुषार उडतात.

पंखे बसवून झाले, की उदबत्ती पेटवून पुढच्या जाळीपासून वीतभर अंतरावर धरावी. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो उलट आपल्या तोंडावर आला, तर पंखा उलटा बसला आहे; चार स्क्रू काढून तो फिरवावा.