सौरसंचाची जोडणी: काही रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

केंद्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत ‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू करून घरगुती संचास कमाल ७८,००० रुपयांचे अनुदान मंजूर केल्यापासून महाराष्ट्रातील शहरांच्या आणि तालुक्याच्या गावांच्या गच्च्यांवर सौरपॅनेलांच्या ओळी झपाट्याने वाढू लागल्या आहेत, आणि आपल्या छपरावर पडणाऱ्या उन्हाचे आपणच विजेत रूपांतर करावे ही प्रवृत्ती सर्वथा स्वागतार्ह आहे. तथापि ग्राहक चौकशी करतो ती पॅनेलच्या किमतीची, हमीच्या मुदतीची आणि अनुदानाच्या अर्जाची. ज्या तारा, जोड आणि अर्थिंग यांच्यावर संचाची सुरक्षितता आणि पंचवीस वर्षांचे आयुष्य अवलंबून असते, त्यांचा तपशील मात्र तो बहुधा विचारीत नाही. या उपेक्षेच्या मुळाशी काही गैरसमज आहेत, आणि त्यांचे निराकरण व्हावे एवढ्याच हेतूने हे लेखन आहे.

गैरसमज: सौरवीज सौम्य असते; घराची फिटिंग करणारा कोणताही वायरमन ती जोडू शकतो.

वस्तुस्थिती: एका पॅनेलचा दाब सुमारे चाळीस ते पन्नास व्होल्ट असतो हे खरे, परंतु आठ-दहा पॅनेल एकामागोमाग एक जोडून जी स्ट्रिंग तयार होते, तिच्या दोन टोकांमधील दाब चारशे-पाचशे व्होल्टांवर, म्हणजे घरातील दाबाच्या जवळजवळ दुपटीवर, जातो. शिवाय ही वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते. घरातील एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उठलेली ज्वाला, म्हणजे आर्क, आपोआप विझण्यास वाव मिळतो. डीसी प्रवाह असा क्षणभरही थांबत नसल्याने सैल जोडात एकदा आर्क पेटला की तो जळतच राहतो आणि आसपासचे प्लास्टिक वितळवून आग लावू शकतो. म्हणून या बाजूला केवळ एसीसाठी बनवलेला एमसीबी बसवणे हा अक्षम्य कसूर होय. तारही घरगुती पीव्हीसीची चालत नाही, कारण बारमाही उन्हाने तिचे आवरण कडक होऊन तडकते. उन्हातील अतिनील किरणांना टिकणारी, कल्हई केलेल्या तांब्याची सौर केबलच वापरली पाहिजे. दोन निरनिराळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात म्हणून ते जोडून टाकण्याची वहिवाटही घातकच आहे. बाहेरून ते सारखे दिसले तरी आतील धातूचा संपर्क अपुरा राहतो, आणि तो जोड काही महिन्यांनी तापू लागतो.

गैरसमज: मुख्य स्विच बंद केला की सगळ्या तारा निर्धोक होतात.

वस्तुस्थिती: स्विच बंद केल्याने प्रवाह थांबतो, दाब नाहीसा होत नाही, कारण जोवर पॅनेलवर प्रकाश आहे तोवर पॅनेलपासून त्या स्विचपर्यंतची केबल भारितच राहते, आणि सूर्य काही आपल्या हुकमाने मावळत नाही. सबब दुरुस्ती करणाऱ्याने आधी प्रवाह तोडावा आणि नंतरच कनेक्टर उघडावा, हा क्रम कधीही उलटा करू नये. डीसी केबल कोणत्या भिंतीवरून उतरते याची ठळक खूण इमारतीवर असणे याच कारणाने अगत्याचे आहे, कारण आगीच्या प्रसंगी अग्निशामक दलाच्या जवानांचे प्राण त्या माहितीवर अवलंबून असतात.

गैरसमज: सौरसंच बसवला की गावातील वीज गेली तरी आपल्या घरी दिवे चालू राहतात.

वस्तुस्थिती: बॅटरी नसलेला, महावितरणच्या वाहिनीशी जोडलेला संच वीज जाताच दोन सेकंदांच्या आत स्वतःहून बंद पडतो, आणि तो तसा पडावा हीच त्याच्या रचनेतील अत्यंत मोलाची तजवीज आहे. संच चालू राहिला असता तर घरातील वीज वाहिनीवरून उलटी रोहित्रापर्यंत गेली असती, तिथे तिचा दाब चढून अकरा हजार व्होल्टांच्या तारा भारित झाल्या असत्या, आणि ‘लाइन बंद आहे’ या भरवशावर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतले असते. ज्यांना भारनियमनातही वीज हवी त्यांनी बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा. तो प्रथम घराला वाहिनीपासून विलग करतो आणि मगच वीज देतो.

गैरसमज: ऊन जितके कडक, तितकी वीज अधिक.

वस्तुस्थिती: पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. त्याची निर्धारित क्षमता २५ अंश सेल्सियस तपमानाला मोजलेली असते, आणि त्यापुढे प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. म्हणजे वैशाखात अकोल्यास वा चंद्रपुरास पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर बारा ते सोळा टक्के क्षमता उष्णतेनेच जाते. म्हणून पॅनेलच्या पाठीमागे वारा खेळता राहील एवढी मोकळी जागा सोडावी लागते. याची दुसरी बाजू बसवणाऱ्यांच्याही ध्यानातून सुटते, ती अशी की थंडीत दाब वाढतो. एखाद्या स्ट्रिंगचा दाब २५ अंशांना ५८० व्होल्ट आहे आणि इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ६०० आहे असे समजा. निफाडला पौषातील पहाटे पारा पाच अंशांवर उतरला असता पहिल्या उजेडातच तो दाब सहाशेच्या वर जाईल आणि इन्व्हर्टर निकामी होण्याचा संभव निर्माण होईल. पॅनेलांची संख्या त्या गावच्या सर्वांत थंड सकाळचा हिशेब धरून ठरवावी ती याचसाठी.

गैरसमज: टाकीची थोडीशी सावली पडली तर थोडेसेच नुकसान होते.

वस्तुस्थिती: पॅनेलमधील सेल एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे सावलीतील एक सेल इतरांचाही प्रवाह अडवतो आणि स्वतः तापू लागतो. त्याच्या रक्षणार्थ पॅनेलमध्ये बहुधा तीन बायपास डायोड असतात. पण डायोड कामी आला की पॅनेलचा एक-तृतीयांश भाग उत्पादनातून वगळला जातो. सावली हातभर आणि तूट तिसऱ्या हिश्श्याची, असा हा व्यवहार आहे.

गैरसमज: अर्थिंगची एक तार जमिनीत पुरली की विजेच्या कडकडाटाचीही चिंता मिटली.

वस्तुस्थिती: अर्थिंग, तडितरक्षक आणि सर्ज प्रोटेक्टर या तिघांची कामे भिन्न आहेत. पहिले पॅनेलच्या चौकटीत गळणारी वीज भूमीत सोडते, दुसरा आकाशातील विजेला सुरक्षित मार्ग देतो, आणि तिसरा जवळपास वीज पडल्याने तारांत उठलेला दाबाचा लोट इन्व्हर्टरपर्यंत पोहोचू देत नाही. मराठवाडा-विदर्भात वळवाच्या पावसात विजा पडण्याचे प्रमाण मोठे असते, आणि नेमक्या त्याच सुमारास कातळातील अर्थिंगचे खड्डे उन्हाळ्याने कोरडे पडून निरुपयोगी झालेले असतात. म्हणून त्यांच्या रोधाची मोजणी उन्हाळ्यातच व्हावी.

या सर्वांचे तात्पर्य असे की पॅनेल विकत मिळते, जोडणी मात्र करवून घ्यावी लागते. संच ताब्यात घेताना जोडणीचा नकाशा, प्रत्येक स्ट्रिंगचा मोजलेला दाब, तारांच्या आवरणाची चाचणी आणि अर्थिंगचा रोध यांची लेखी नोंद ठेकेदाराकडून सहीनिशी मागावी, आणि ती मिळाल्यावाचून अखेरचा हप्ता देऊ नये. अशी मागणी करणे हा ग्राहकाचा अधिकार आहेच. परंतु त्याच छपराखाली आपली मुलेबाळे झोपतात, हे ध्यानी घेता ते त्याचे कर्तव्यही ठरते.