पंपाच्या तोंडाची जाळी: पैसा कोणी घालायचा?

मोटर चालू झाली की पाटाला पाणी येतं, एवढंच आपण बघतो. पाण्याबरोबर नदीतली माशांची पिल्लंही ओढली जातात आणि शेतात मरतात, याचा हिशेब कोण ठेवतो? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीकाठच्या भातवाल्यांना तो ठेवावा लागला. तिथला सॅमन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. ग्लेन-कोलुसा या सिंचन संस्थेच्या पंपांपुढे १९७२ ची जाळी होती, पण ती पुरी पडेना. १९९२ मध्ये कोर्टाने उपशावरच बंधन घातले. भाताचं पाणी तोडलं तर काय होतं, हे तुम्हांला सांगायला नको!

नवी जाळी २००१ मध्ये उभी राहिली. हा खर्च एकट्या शेतकऱ्याला झेपणारा नव्हे, आणि मासा काही त्याच्या एकट्याचा नाही. म्हणून १९९२ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात अशा जाळ्यांसाठी निम्म्यापर्यंत केंद्राचा पैसा देण्याची सोय झाली. २००० च्या कायद्याने ऑरेगन, वॉशिंग्टन, आयडाहो व मोंटानासाठी ही मर्यादा ६५ टक्के ठेवली. बाकीचे ३५ स्थानिकांनी उभे करायचे. मात्र जाळी खासगी असेल, तर पुढची देखभाल-दुरुस्ती सगळी त्यांच्याच माथी.