वाघिणीच्या पोटाखालची गाठ

गाईच्या कासेत गाठ आली, तर धार काढणाऱ्याच्या बोटांना ती लगेच कळते. पिंजऱ्यातल्या वाघिणीचं पोट चाचपणार कोण? छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातलं प्राणिसंग्रहालय गाठा किंवा नागपूरचं गोरेवाडा. जाळीबाहेरून तिच्या पोटाखालचं काही दिसत नाही. त्यात दुखणं लपवणं हा मांजरकुळाचा स्वभाव. त्यामुळे स्तनाचा कर्करोग बहुधा उशिराच लक्षात येतो.

पहिली शंका येते ती रोज मांस टाकणाऱ्या कर्मचाऱ्याला. वाघीण एकच जागा सारखी चाटते, तिथले केस ओले किंवा रक्ताळलेले दिसतात, खाणं उरतं. मांसाच्या तुकड्यासाठी जाळीला पंजे टेकून उभं राहायची सवय लावली असेल, तर पोटही नजरेखालून जातं.

मात्र प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. स्तनदाहानं किंवा संप्रेरकांमुळेही स्तनग्रंथी सुजते. खात्री करायला भूल द्यावी लागते आणि भुलीत जोखीम असते. म्हणून एकाच भुलीत सगळं उरकतात: प्रत्येक ग्रंथी आणि काखेतल्या, जांघेतल्या लसिकाग्रंथी चाचपणं, रक्त, पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे. हा रोग फुप्फुसात लवकर पसरतो, त्यामुळे एक्स-रे टाळून चालत नाही. सुईनं काढलेल्या पेशींवरून अंदाज येतो. पण रोग आजूबाजूच्या ऊतीत घुसला आहे का, हे बायोप्सीचा तुकडाच सांगतो. पाळीव मांजरींच्या स्तनगाठींपैकी ८० ते ९० टक्के घातक असतात, तेव्हा ‘बघू पुढच्या महिन्यात’ ही चैन इथं परवडत नाही.

हा रोग होण्यात माणसाचाही हात आहे. पिल्लांची संख्या आवरायला अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी १९७०च्या दशकापासून माद्यांच्या कातडीखाली मेलेन्जेस्ट्रॉल ॲसिटेट या कृत्रिम संप्रेरकाच्या कांड्या बसवल्या. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजरकुळातल्या ३१ रुग्ण प्राण्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा अशी संप्रेरकं आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध पुढे आला. नर-मादी वेगळे ठेवणं किंवा दुसऱ्या प्रकारची गर्भनिरोधकं वापरणं, हे पर्याय आता आहेत.

म्हणूनच वाघीण एका संग्रहालयातून दुसरीकडे जाते, तेव्हा वय, पिल्लं आणि दिलेली संप्रेरकं यांची नोंद तिच्यासोबत जायला हवी. कोणत्या मादीचं पोट वारंवार तपासायचं, हे त्या नोंदीवरूनच ठरतं.