वाळवंटी नदी आणि शाळेचे अंगण



पावसाळ्यात वाळवंटीचे पाणी चढू लागले की साखळीच्या बाजारपेठेतील दुकानदार माल वरच्या फळीवर ठेवू लागतात. अशा वेळी मुले आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. शहरात पाऊस ओसरला, तरी पाणी का वाढते? या अंकात आम्ही त्याचेच उत्तर देत आहोत, कारण त्याचा आपल्या शाळेच्या अंगणाशीही संबंध आहे.

प्रथम पाणलोट क्षेत्र म्हणजे काय ते पाहू. घराच्या आढ्याच्या अलीकडे पडलेले पाणी अंगणात येते, पलीकडचे परसात जाते. डोंगराचेही तसेच आहे. ज्या प्रदेशात पडलेला थेंब शेवटी वाळवंटीत येतो, तो सगळा प्रदेश तिचे पाणलोट क्षेत्र. ते सत्तरीत चोर्ला घाटाच्या उतारांपासून सुरू होते. सुमारे ८०० मीटर उंचीवरचे पाणी केरी, पर्ये असे थोडेच अंतर कापून साखळीत उतरते. पुढे नदी मांडवीला मिळते. म्हणजे साखळीत ऊन असले आणि घाटात मुसळधार पाऊस असला, तरी काही तासांत पाणी आपल्या दारी येते.

दुसरे कारण शहरातच आहे. एरवी गटारे आणि व्हाळ यांचे पाणी उताराने नदीत जाते. पण पुरात नदीची पातळी व्हाळापेक्षा वर जाते. मग शहराचे पाणी नदीत शिरू शकत नाही, उलट नदीच शहरात शिरू पाहते. म्हणून साखळीत नदीकाठी संरक्षक भिंती बांधल्या आहेत आणि आत साचलेले पाणी पंपांनी नदीत टाकावे लागते. २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी, डिचोलीसह गोव्यात मोठा पूर आला. १९८२ नंतरचा तो सर्वांत मोठा पूर असल्याचे मुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितले होते. पंपाला मर्यादा असते. व्हाळात जितके पाणी कमी आणि जितके सावकाश येईल, तितका पंपावरचा भार कमी.

हीच नदी उन्हाळ्यात आपली तहान भागवते. पडोसे येथील जलशुद्धीकरण प्रकल्प तिचेच पाणी घेतो. केरीचे अंजुणे धरण शेती-बागायतीला पाणी पुरवते. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना फळ्या घालून पाणी अडवतात, त्यावर कुळागरे तगतात. त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापुरात सजवलेल्या होड्या पाहायला आपण सारे जातो, त्याही याच पात्रात सोडल्या जातात.

उन्हाळ्यात नदीला पाणी येते कुठून? आपल्या सड्यांवरचा जांभा दगड सच्छिद्र आहे. तो पावसाचे पाणी मुरवून घेतो आणि झरींतून हळूहळू सोडतो. सडा खोदला, झाडी तोडली की हे काम थांबते आणि मोकळी झालेली माती पात्रात येऊन बसते. डिचोली तालुक्याला हे खाणींमुळे चांगलेच ठाऊक आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केले आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा उत्खनन सुरू झाले. आपल्यापैकी कित्येक घरांची चूल खाणीवर पेटलेली आहे, म्हणून कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण डोंगरावरून सुटलेली माती कोठे जाते, हे मुलांना माहीत असले पाहिजे.

आता आपल्या अंगणाकडे येऊ. चिखल होतो म्हणून संपूर्ण मैदानावर फरशी घालावी, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. त्यांची अडचण खरी आहे. तरी एक हिशेब मांडू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. समजा मैदान १,००० चौरस मीटर आहे आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००,००० लिटर पाणी झाले. दहा हजार लिटरचे दहा टँकर! फरशीवरून हे जवळजवळ सगळे पाणी लगोलग व्हाळात जाईल. माती सगळेच पाणी पिते असे नाही, आषाढात ती भिजून तुडुंब असते. पण गवत, झाडे आणि चर पाण्याला थांबवतात, आणि पुराच्या वेळी तासा-दोन तासांची उसंतसुद्धा मोठी असते.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, फाटकापासून वर्गापर्यंतच्या वाटेवर फरशी घालावी आणि बाकीचे मैदान मातीचेच ठेवावे. छपराचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. पालकांनी प्लास्टिक आणि चतुर्थीचे निर्माल्य व्हाळात टाकू नये. माटोळीचे जिन्नस आपण ज्या रानातून आणतो, त्याच रानाचे पाणी या व्हाळातून वाहते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, सरळ बाजूच्या बाटलीचे पर्जन्यमापक तयार करा. पहिल्या पावसापासून रोजचा आकडा शाळेच्या फलकावर लिहा. चौमास संपल्यावर आपल्या अंगणात किती लिटर पाणी पडले, याचा गुणाकार आपण सारे मिळून करू.