नेम लागला, हिशेब चुकला

१८८७ साली ॲम्स्टरडॅम विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या यूजीन दुब्वाने नोकरी सोडली आणि डच वसाहतीच्या लष्करात डॉक्टर म्हणून नाव नोंदवले. वय २९, पदरी तान्ही मुलगी, विद्यापीठात पुढे चढायला वाव. पण त्याला त्या वसाहतीतले सुमात्रा बेट गाठायचे होते. माणूस आणि वानर यांच्यामधल्या पूर्वजाचे अवशेष तिथल्या गुहांत मिळतील, याची त्याला खात्री होती. अशा शोधाला सरकार पैसे देईना, तेव्हा सरकारी पगारावरच तिकडे पोहोचण्याची ही वाट त्याने काढली.

१८५६ मध्ये जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यातली प्राचीन मानवाची हाडे खाणकामगारांच्या हाती अवचित लागली होती. आधी तर्काने प्रदेश ठरवायचा आणि मग तिथे पूर्वज खणायला जायचे, हे मात्र दुब्वाने केले. डार्विनने १८७१ मध्ये आफ्रिकेकडे बोट दाखवले होते. दुब्वाचा विचार निराळा होता. अंगावरचे केस गमावलेला प्राणी उष्ण प्रदेशातच घडला असणार. गिबन हा वानर आग्नेय आशियात राहतो. शिवाय शिवालिक टेकड्यांत मोठ्या वानराचा जीवाश्म मिळाल्याचे १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले होते.

सुमात्राच्या गुहांनी निराशा केली. हाडे मिळाली, पण ती फार जुनी नव्हती. वर मलेरियाने गाठले. दरम्यान जावातल्या वाजाक इथे एका खाण अभियंत्याला मानवी कवटी मिळाली होती. म्हणून १८९० मध्ये दुब्वा जावात आला आणि गुहा सोडून सोलो नदीच्या काठाकडे वळला. त्रिनिल गावाजवळचे खोदकाम करत होते सक्तमजुरीचे कैदी. देखरेखीला दोन लष्करी अंमलदार. दुब्वा बराच काळ दुसरीकडे असे आणि पत्रांतून काम चालवी. १८९१ मध्ये आधी एक दाढ, मग कवटीचा वरचा भाग आणि १८९२ मध्ये काही मीटरवर मांडीचे हाड मिळाले.

कवटी बुटकी, भुवयांवरचे हाड पुढे आलेले. मेंदू वानराहून मोठा, माणसाहून लहान. मांडीचे हाड मात्र थेट माणसासारखे. म्हणजे हा प्राणी ताठ चालत होता. १८९४ मध्ये दुब्वाने त्याला ‘पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस’, म्हणजे ताठ चालणारा वानरमानव, असे नाव दिले.

दुब्वा युरोपात परतल्यावर वाद पेटला. कवटी एका प्रचंड गिबनची, असे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो म्हणाले; कोणी ती माणसाचीच ठरवली. दुखावलेल्या दुब्वाने पुढे हाडे कडीकुलपात ठेवली, ती १९२३ पर्यंत इतर अभ्यासकांना जवळपास दिसलीच नाहीत. उतारवयात तोही गिबनचे नाव घेऊ लागला, तेव्हा त्याने माघार घेतली असा समज पसरला. त्याचा डाव वेगळा होता. उत्क्रांतीत मेंदू दुपटी-दुपटीने वाढतो, असे त्याचे गणित होते. गिबनच्या धाटणीचे अवजड शरीर धरले, की शरीराच्या मानाने मेंदू माणसाच्या निम्मा भरे आणि मधला दुवा नेमका मध्यावर बसे.

हे गणित टिकले नाही. १९५० मध्ये जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी या प्राण्याला आपल्याच ‘होमो’ वंशात घातले आणि तो ‘होमो इरेक्टस’ झाला. ज्या मांडीच्या हाडावरून ‘ताठ चालणारा’ हे नाव आले, ते बरेच नंतरच्या आधुनिक माणसाचे असावे, असे आज अनेक संशोधक मानतात. होमो इरेक्टस ताठ चालत होता, हे इतर जीवाश्मांनी सिद्ध केले. मानववंशाचे मूळ तर आफ्रिकेतच निघाले. जावात सापडली ती त्याची दूरवर पोहोचलेली शाखा.

दुब्वाने हजारो जीवाश्मांच्या पेट्या नेदरलँड्समधल्या लायडनला आणल्या होत्या. त्यांतल्या त्रिनिलच्या एका शिंपल्यावर कोरलेली नागमोडी रेघ इतक्या वर्षांनी ओळखली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तिचे वय ४.३ ते ५.४ लाख वर्षे सांगितले. होमो इरेक्टस मुद्दाम खुणा कोरत असेल का, हा प्रश्न दुब्वाच्या मनातही नव्हता. त्याचा हिशेब चुकला, पण पुरावा पेट्यांत राहिला; म्हणून नवे प्रश्न विचारता आले.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेदरलँड्सने २८ हजारांहून अधिक जीवाश्मांचा हा संग्रह इंडोनेशियाला परत देण्याचा निर्णय जाहीर केला. जावाच्या मातीतून निघालेल्या हाडांना पुढचे प्रश्न आता तिथलेच संशोधक आपल्या घरी बसून विचारू शकतील.